पाटी

मनामात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही जमतो.
जिन्यात अठ्ठावीस जोड, बहुतेक सेफ्टी शूज,
त्यांचा वास उदबत्तीच्या आधी वर पोचतो.

भिंतीवर महाराज. मांडी घातलेले,
अंगावर काही नाही, हातात चिलीम.
आणि त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर
लाल वर्तुळ, तिरपी रेघ,
अरबीत एक ओळ, इंग्रजीत एक.
प्रार्थनेची जागा, म्हणजे बंद जागा, म्हणजे मनाई.
दुसरीकडं लावता आली नसती हो,
त्या भिंतीत खिळा तिथंच काय तो धरतो.

पुंजाजी तायडे प्रकटदिनाला
तंबाखू भरून, वर विस्तव ठेवून
चिलीम तसबिरीपुढं धरायचा.
यंदा नुसती भरली.
"महाराजायले काय सांगू?
दंड माह्या पगाराहून मोठा हाये."

तपासणीस आला तेव्हा आरती अर्ध्यात होती.
युसुफ नाव. पोट सुटलेलं.
कुणी न सांगता बूट जिन्यात काढून आला.
खोलीभर धूर. नाक वर केलं त्यानं.
राळ, कापूर, आणि लोभान.
लोभान त्याला लगेच कळलं,
आजीच्या घराबद्दल काहीतरी पुटपुटला.
"हा चालेल. हा तंबाखू नाही."
मग तसबिरीकडं बोट: "हे कोण?"

टाळ छातीशी धरून आम्ही गप्प.
तायडेच बोलला, मोडक्या हिंदीत:
"बाबा है. हाथ में है, पर जलता नहीं."

युसुफनं तसबीर पाहिली. पाटी पाहिली.
पुन्हा तसबीर.
वहीत काहीतरी लिहिलं;
काय, ते आजवर कळलेलं नाही.
बूट चढवता चढवता म्हणाला,
"मशिदीतही हीच पाटी.
माझा बाप नमाज संपली की
सगळ्यांच्या आधी बाहेर असायचा."

रात्री खाली उतरलो
तर तायडे फुटपाथवर,
दारापासून पावलं मोजून लांब.
हातात तीच, सकाळी भरलेली.
वर आमच्या खिडकीत समई अजून दिसत होती.
"या जी खाली," तो खिडकीला म्हणाला,
"अठी चालते."

समुद्राकडून ओला वारा.
तीन काड्या विझल्या.
चौथी मी ओंजळीत धरली,
मी, ज्यानं आयुष्यात कधी ओढली नाही.