साडेतीन लिटर

रात्रभर गाडी थंड होऊ द्यायची, हा अण्णांचा पहिला नियम.
दुसरा नाहीच. पहिलाच पुन्हा पुन्हा सांगतात.
जानेवारीत सिडकोत त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही,
सकाळी सहाला झेनच्या बॉनेटवर
दवात बोटाने नाव लिहिता येतं.

मी पुठ्ठा टाकून गाडीखाली आडवी.
अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी, शाल,
डावा हात मांडीवर जपून ठेवलेला,
त्यावर कालच्या सुयांची पट्टी.
उजव्या हाताने हवेत पाना फिरवून दाखवतात.
डावीकडे. तुझ्या नाही गं, गाडीच्या.
एकोणतीस वर्षं अंबडला लेथवर
केसाएवढा फरक बोटाने ओळखलेला माणूस,
त्याला माझं पक्कड धरणं बघवत नाही.

प्लग सुटला. काहीच आलं नाही.
वरचं झाकण काढ, म्हणाले, कोंडलंय ते.
झाकण काढलं
आणि आलं, माझ्या बाहीवर आधी, मग टबात.
हिरवं असायला हवं होतं.
आलं ते टपरीवरच्या उरलेल्या चहासारखं,
तळाशी गंजाचा भुगा.
कसाऱ्याच्या घाटात घाईघाईने ओतलेल्या बाटल्या होत्या त्यात,
एक सुलूच्या लग्नाच्या वेळची,
एक पहिल्यांदा मुंबईच्या डॉक्टरकडे निघालो तेव्हाची.

टब उचलून वर ठेव.
गोड असतं ते, खैरनारांची मांजर चाटेल आणि मरेल.
एवढ्याने मरेल?
किडनी जाते, अण्णा म्हणाले,
आणि शालीच्या टोकाने चष्मा पुसत बसले,
दोन्ही काचा, बराच वेळ.

मग नळाच्या पाण्याने धुणं. एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा कुठे खाली स्वच्छ उतरलं.
धुवायला हे चालतं, भरायला नाही, आतून क्षार धरतात.
गंगेचं असलं तरी?
गंगेत माणसाचं काय ते होतं, रेडिएटरचं नाही.
हे बोलून स्वतःच हसले, मग खोकले,
मग मी पाणी आणू का विचारलं
आणि विचारायला नको होतं.

खिडकीत त्यांची बाटली आहे.
तिच्यावर त्यांनीच चिकटपट्टीची रेघ मारलीय,
आठशे. सकाळ ते सकाळ.
चहा त्यातच, आमटी त्यातच, गोळ्यांचे घोटही.

त्रिमूर्ती चौकातून आणलेलं डिस्टिल्ड पाणी,
निम्मं ते, निम्मं हिरवं औषध.
ओततो मी, म्हणाले. उठले.
कॅन मी खालून धरला, कलवला त्यांनी.
गट् गट् गट्,
मधेच थांबून एक ढेकर, पुन्हा गट् गट्.
अर्धा लिटर, दीड, अडीच.
अण्णा त्या भोकाकडे बघत होते,
लहान मूल दूध पिताना बघावं तसे.
पितेय बघ कशी, म्हणाले. पी बाई.

हीटरचा नॉब गरमवर, झाकण उघडंच, आता चालू कर.
बुडबुडे आले, खूप वेळ येत राहिले.
हवा राहिली आत तर पुन्हा घाटात रडवेल,
पाइप दाब, सोड, दाब.
मग एकदम पातळी खाली गेली, मी घाबरले,
ते नाही. आतलं दार उघडलं, म्हणाले, ओत अजून.
साडेतीनला थोडं वर गेलं.
पंखा फिरला, थांबला.
अण्णा गाडीत जाऊन बसले
आणि जाळीतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर
बोटं शेकत राहिले, मला हाक न मारता.

जुनं पाणी डब्यात बंद करून आहेरच्या गॅरेजला दिलं.
उरलेल्या कॅनवर अण्णांनी तारीख लिहिली.

मंगळवारी पावणेसहाला
मुंबई नाक्याच्या सेंटरला निघायचं होतं.
आधी टॉर्च मार, म्हणाले, खाली.
बॉनेटवरच्या दवात मांजरीची पावलं,
काचेपर्यंत जाऊन परत फिरलेली.
पुठ्ठा कोरडा.
चल.