पाच मिनिटांची टाकी

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच
ऑरिन ट्रेगास्किस पायरीवर हजर.
एका हातात दुधाच्या बाटल्यांचा क्रेट, त्यात त्याचा मॉन्स्टर ट्रक,
दुसऱ्या हाताने ओढत आणलेला
चाकांवरचा ऑक्सिजन.
दोन्ही गाड्या सारख्याच कुरकुरतात.

"पंधराचं इंजिन काढ," म्हणाला, "अठ्ठावीसचं बसव."

मी काउंटरवर कापड अंथरलं, ट्रक उताणा केला.
पोटाला अजून खाणीची तांबूस माती,
आणि जळक्या एरंडेलाचा तो वास
जो बोटांतून दोन दिवस जात नाही.
फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं. पिस्टन वर येताना
जिथे अडायला हवा तिथे अडत नव्हता,
दार उघडंच असल्यासारखा आत-बाहेर.
इंजिन म्हातारं झालं होतं, यात वाद नाही.

पण अठ्ठावीस?
मी माझं नेहमीचं पुराण लावलं.
एकवीस घे, त्याचा शाफ्ट या क्लचला बसतो.
अठ्ठावीसला माउंट नवे, पाइप नवा,
प्लास्टिकचा स्पर गिअर पहिल्याच उडीत दात टाकेल,
मग डिफरन्शिअल, मग एक्सल.
ताकद एका जागी वाढवली
की दुखणं पुढच्या जागी सरकतं.
आणि डब्यावरचा आकडा समुद्राकाठचा, ऑरिन.
इथे ब्यूटमध्ये, साडेपाच हजार फुटांवर,
सहावा हिस्सा तर नुसता डोंगरच खातो.
हवाच पातळ.

"मला सांगतोस?"
तो हसला, आणि हसता हसता खोकला, बराच वेळ.
एकतीस वर्षं जमिनीखाली ड्रिल धरलेला माणूस.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत थांबलो.

शिवाय अठ्ठावीस पितं किती, मी पुन्हा सुरू झालो,
आत्ता तुझी टाकी नऊ मिनिटं चालते,
तीच हे पाचात संपवेल.

"तेच," तो म्हणाला.

नाकाखालची नळी त्याने चिमटीत धरली.
"ही लावून मला पेट्रोल पंपावरसुद्धा उभं राहू देत नाहीत.
त्यात नायट्रो, तापलेला ग्लो प्लग.
मॉर्वेना म्हणते, बाबा, तुम्हाला मी चाळणी घेऊन गोळा करायचं का?
म्हणून सिलिंडर पिकअपमध्ये बंद करतो,
पन्नास पावलं मोजतो,
मग दोरी ओढतो.
नळीशिवाय माझी पाच मिनिटं. त्यानंतर कडा काळ्या पडत येतात.
नऊ मिनिटांची टाकी मला कधी संपवताच आली नाही, पोरा.
दर वेळी अर्ध्यात बंद.
भरल्या ताटावरून उठल्यासारखं."

मी वही उघडली. अठ्ठावीस लिहिलं.
एकवीसचा डबा फळीवर परत ठेवला
भिंतीकडे तोंड करून.

पहिल्या चार टाक्या मीच जाळल्या, दुकानामागे,
ट्रक विटांवर टेकवून, सावकाश, निळ्या धुरात.
नव्या इंजिनाला आधी
दम धरायला शिकवावं लागतं.

मग एक रविवार, जुन्या खाणीचा ढिगारा, वारा नाही.
त्याने नळी काढली, कानामागचे वळ चोळले.
मी स्टॉपवॉच दाबलं.

ट्रक किंचाळत गेला. कड्यावरून असा उडाला
की खाली यायचं विसरला की काय.
ऑरिनने हवा बोलण्यात घालवली नाही.
टाकी संपत आली की इंजिन आधी वर चढतं,
कोरडं, बारीक, सुईसारखं,
आणि मग एकदम
काही नाही.

मी धावत जाऊन ट्रक उचलला,
हातमोज्यातूनही चटका बसला. तो लांबच ठेवून आलो.
ऑरिन पिकअपच्या पायरीवर, नळी लावलेली, ओठ निळसर.
"किती?"
चार मिनिटं पन्नास.
"म्हणजे दहा सेकंद उरले होते माझ्याकडे,"
जुगारात जिंकल्यासारखा तो म्हणाला.

स्पर गिअरचे तीन दात गेलेत.
ते सोमवारी सांगेन.