शुद्धिपत्र

नऊ वर्षांपूर्वीच्या सोमवारच्या अंकात, पान चार,
दंतमंजनाच्या जाहिरातीशेजारी
माझ्या नावानं जे छापून आलं
त्यात पुढील दुरुस्त्या कराव्यात.

'रस्ट पॅरिश' या इंग्लिश मेटल बँडचं नाव मी
'गंजलेला परगणा' असं दिलं होतं.
तो विनोद होता.
उपसंपादक खळदकरांनी तो मथळ्यात नेला.

'पहिल्याच अल्बमला लंडनच्या समीक्षकांनी झोडपलं'
हे मी अल्बम ऐकण्याआधी लिहिलं.
तिकडे कुणीतरी म्हटलं होतं, कचऱ्याची गाडी रिव्हर्समध्ये.
मी ते उचललं, आणि वर पुस्ती जोडली
की आपल्या घंटागाडीला निदान चाल तरी असते.

'रसिक मंत्रमुग्ध झाले':
हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे.
बत्तीस वर्षं गोदाकाठच्या मैफली लिहिल्या,
ते न सांगता उमटतं.
प्रत्यक्षात गंगावऱ्याच्या त्या द्राक्षमळ्यात
चारशेएक पोरं, काळे टीशर्ट,
माना वरखाली, वरखाली,
एवढ्या जोरात हो म्हणत होती.
कशाला, ते मी विचारलं नाही.

'स्वागताच्या ढोलपथकानं बँडला साथ दिली': चूक.
पथकाचे यशोधन चव्हाणके फोनवर ओरडले होते,
अहो, आम्ही बिदागी घेतली आणि मिसळ खायला गेलो.
परत आलो तर टेम्पोतल्या ढोलांची पानं
कुणी हात न लावता थरथरत होती.
एवढंच लिहा.
मी नाही लिहिलं.

'कार्यक्रम दहाला संपला' हे पोलिसांकडून कळलं.
मी नऊला निघालो होतो. चौथं गाणं चालू होतं,
की तिसरंच लांबलं होतं, सांगता येत नाही.

आता मुख्य चूक.

'गायकाला गळा नाही, घसा आहे.'

गाजलं हे. वाचनालयाच्या पायरीवर
पेठकर सरांनी टाळी दिली.
जावयानं साहेबाला ऐकवलं, स्वतःचं म्हणून.
मीही पुढे दोन ठुमरीवाल्यांवर ते वापरलं.

बँडच्या गाडीला ड्रायव्हर होता निवृत्ती पिंगळे.
सकाळी ओझर विमानतळाच्या वाटेवर
मागच्या चौघांनी त्याच्याकडून पेपर वाचून घेतला.
गायकानं विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणतो?
निवृत्तीचं इंग्रजी त्र्यंबकच्या पाहुण्यांपुरतं.
गळा म्हणजे थ्रोट.
घसा म्हणजे, तोही थ्रोटच.
मधलं 'नाही' तोंडावर सांगणं त्याला जड गेलं,
माणूस रात्रभर गरम पाण्याच्या गुळण्या करत होता.
तो म्हणाला, थ्रोट, थ्रोट.

गायक म्हणे आडगाव नाक्यापर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

परवा कुरिअर आलं. त्याच अल्बमची नवी आवृत्ती,
काळी तबकडी, मागच्या बाजूला तीन अभिप्राय.
दोन लंडनचे, शिव्या, हौसेनं छापलेल्या.
तिसरा:
थ्रोट, थ्रोट. नाशिक.

शेजारच्या ऋतुजाकडे प्लेअर आहे.
एक बाजू पुरती ऐकली.
आवडली असं लिहित नाही, एवढ्या उशिरा ते खोटं वाटेल.
पण तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे,
तो श्वास घेतो आणि तो श्वास कुणी पुसलेला नाही,
खरखरीत, भांड्याच्या तळाशी लागल्यासारखा.
मी बायकोला म्हटलं, ऐक.
ती म्हणाली, खाकरतोय.
म्हटलं, हो.

तरी 'गळा नाही' हे शब्द वगळावेत.
'घसा आहे' राहू द्यावं.
निवृत्ती पिंगळे यांचं नाव
अनुवादक म्हणून घालावं, ते राहून गेलं होतं.

चुकीबद्दल दिलगीर आहोत, असं छापायची पद्धत आहे.
इथे 'आहे' असं वाचावं.