छाट

सत्यम्मा म्याकलनं कानातलं फूल काढून
माझ्या हातात ठेवलं, मी तिच्या पाळीला चिमटा लावला.
म्हणालो, दुखणार नाही.
ती म्हणाली, आणि दुखलं तर कळतं का तुझ्या यंत्राला?
मी हसलो. प्रश्न नीट ऐकला नव्हता.

नऊ दिवस विडी घरकुलात, पत्र्याखाली.
तिच्या मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं.
तिची कातर चालायची
तशी माझ्या लॅपटॉपवर रेघ चालायची :
ठोके, श्वास, तळहाताचा घाम.
बाहेर त्रेचाळीस अंश. तेही टिपलं.
ब्रँचमध्ये विड्या द्यायला गेली तेव्हाही
चिमटा कानाला होता, पदराखाली.

मग रंगभवनाजवळ प्रदर्शन.
चष्मा चढवला की खाली आपले हात दिसत नाहीत,
तिचे दिसतात.
आणि जाकिटातून तिचं काळीज
तुमच्या बरगड्यांवर थापा मारतं.
नवी पेठेतले कापडवाले रडले.
एक निवृत्त तहसीलदार डोळे पुसत म्हणाले,
आठ विड्या वळल्या मी.
वळली एकही नव्हती.

चौथ्या दिवशी ती स्वतः आली, चपला दाराबाहेर काढून.
स्वतःच्या हातांकडे बघत बसली
परक्या बाईकडे बघावं तशी. बोटं हवेत वळत होती.
मधेच थांबली.
इथं नाही असं, म्हणाली.
इथं चेकरनं मूठभर उचलून चुरगाळल्या,
सहा जुड्या, छाट म्हणाला.
ते कुठंय?

मला माहीत होतं कुठंय.
रेघ तिथं उभीच्या उभी चढली होती,
मग जवळजवळ आडवी पडली होती.
मला वाटलं, तार निसटली.
कचरा समजून एकेचाळीस सेकंद काढून टाकले,
दोन टोकं जोडून असा रफू केला
की सोलापूरच्या माणसालाही धागा सापडू नये.

म्हणजे तू पण छाट काढलीस.
रागावली नव्हती. हजारी विडीचा दर सांगावा
तसं म्हणाली, आणि चपला घालून गेली.

रात्री परत जोडले. सगळे एकेचाळीस.
दुसऱ्या दिवशी लोक तिथंच जाकीट उतरवू लागले.
बिघडलंय वाटतं, म्हणाले.
तहसीलदार सुनेला घेऊन पुन्हा आले होते,
त्यांनी रीतसर तक्रार लिहिली.
एक शाळकरी पोरगी तेवढी शेवटपर्यंत बसली,
चष्मा काढून विचारलं,
मग कुणी पाणी दिलं का त्यांना?
मी आकडे चाळले.
पाण्यासाठी रकानाच नव्हता.

शेवटच्या दुपारी आम्ही वायरी गुंडाळत होतो.
सत्यम्मा आली, खुर्चीत बसली,
जाकीट तिनंच चढवलं
आणि चिमटा माझ्या कानाकडे केला.
लाव, म्हणाली.

पान भिजलंय का बघतात तशी
तिनं छातीवर बोटं टेकवली.
डोळे मिटले. बराच वेळ.
बाहेर रिक्षावाले सात रस्ता, सात रस्ता ओरडत होते.
किती पळतंय रे, म्हणाली,
आणि मग मराठी सोडून, तेलुगूत, हळूच :
तिन्नावा?

साडेतीन वाजून गेले होते.
नव्हतो जेवलो.