मिठाचा धोंडा

खात्याच्या वहीत माझं नाव कन्नडमध्ये आहे,
मो-न-प्प, तीन अक्षरं, पुढे रोजंदारीचा आकडा.
काम: कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, नवं घालायचं,
फाल्गुनात जाळरेषा झाडायची,
आणि बारा महिने दिसेल ते मांडायचं.

रकाने सात.
प्राणी, संख्या, नर की मादी, वेळ, ठिकाण,
पाऊलखूण की प्रत्यक्ष.
सातवा शेऱ्याचा. तो कोराच जातो.

इथं म्हादई एका उडीत ओलांडता येते.
खाली गोव्यात म्हणे तिच्यावर बोटी चालतात.
मी समुद्र बघितलेला नाही.
खानापूरच्या बाजारात सुके बांगडे बघितलेत,
आणि मिरगात भीमगडाच्या कड्यावर
जे पांढरं धडकतं, ते तिकडूनच येतं एवढं ठाऊक आहे.

पाटीवर लिहिलंय: प्रवेश निषिद्ध.
शेकरू ती पाटी ओलांडून किंजळीवर जातं,
माडगरुड पंखांचा भाता ओढत वरून जातो,
संध्याकाळी गुहेतून वटवाघळं निघतात,
जणू डोंगरच कोणीतरी उसवायला घेतलाय.
त्यांची संख्या लिहिताना माझा हात थांबतो.
‘पुष्कळ’ चालत नाही साहेबांना.

घाटवाटेच्या तिसऱ्या वळणावर एक धोंडा आहे,
कमरेएवढा, माथ्यावर सपाट.
कोकणातून मीठ घेऊन वर चढणारे
पाठीवरची गोणी इथं टेकायचे,
बैलांचं जू सैल करायचे.
वाट मोडून गेली, बैल गेले, गोण्या गेल्या.
आमची वाडीही गेली, पैसे घेऊन, सही करून,
तिकडं जांबोटीच्या वाटेला, पत्र्याखाली.
धोंडा तेवढा जागेवर.

गेल्या पौषात कार्डातून फोटो निघाला.
रात्रीचे दोन वाजून चौदा मिनिटं.
गवा, मादी, सोबत पाडस,
दोघांच्या जिभा धोंड्यावर.
मग सांबर. मग भेकर. दुसऱ्या रात्री परत गवा.

धारवाडहून आलेली अक्षता हिरेमठ
लॅपटॉपसमोर उभीच राहिली.
म्हणाली, मोनाप्पा, हे बघा,
शंभर वर्षांपूर्वी सांडलेलं मीठ
दगडाच्या छिद्रांत अजून आहे!
तिचे डोळे असे झाले होते
की मी मान हलवली.

चार पावसाळ्यांत
इथं दगडावरचं शेवाळसुद्धा धुवून जातं, बाई.
हे मी म्हणालो नाही.

अवसेच्या दुपारी मी त्या वळणावर बसून राहिलो.
शेवंताआत्ती आली.
पत्र्याच्या घरातून साडेसात मैल,
चपला हातात, ओच्यात पुडी.
पदरानं धोंडा पुसला, मूठ उघडली,
जाडं मीठ, रेशनचं नव्हे, बाजारातलं.

‘आत्ती, काय करालीस?’
‘दिसत नाही तुला? मीठ घालालो.’
‘कुणासाठी?’
‘माझ्या सासूनं घातलं, तिच्या सासूनं घातलं.
वर चढणाऱ्यानं एक मूठ इथं सोडूस पाहिजे.
आता वर चढणारं कोण हाय?
म्हणून मी खालनं आलो असं समजालो.’

मग माझ्या खिशातल्या वहीकडं बघून म्हणाली,
‘त्यात लिवू नको. आत सोडायचे नाहीत मला.’

नियमानं तिला अडवायला हवं होतं.
मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो,
पाठ करून, ती परत वळेपर्यंत.
त्या दुपारच्या सगळ्या फोटोंत माझा खाकी शर्ट आहे
आणि काखेत उसवलेली शिवण.

अक्षताबाईंचा कागद छापून येईल म्हणतात.
येऊ दे.
मी बोट ओलं करून धोंड्यावर फिरवलं,
जिभेला लावलं.

वहीत लिहिलं:
प्राणी: मनुष्य. संख्या: एक. नर.
वेळ: दिवस कलताना. प्रत्यक्ष.
शेरा: समुद्र इथपर्यंत आहे.

मग ते पान फाडलं,
चार घड्या घातल्या,
आणि टोपीत ठेवलं.