एकशे तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी गेले, सातव्या, चौदाव्या,
एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या.
बेचाळिसाव्या दिवशी दीपश्री कोळंबकरच्या नावापुढे
शेवटची खूण केली
आणि वही मिटली.
घरातही तोवर सव्वा महिना उलटला होता.
शेकाची शेगडी माळ्यावर गेली, बाज उन्हात.
सासू म्हणाली, आता ती बाळंतीण नाय.

सर्जेकोटला बांगडा लागला होता.
जेटीवर टोपली उचलताना ती दोनदा खाली बसली.
मला म्हणाली, धाप लागता गे, बाय.
रक्त कमी आहे, लाल गोळ्या खा, म्हटलं.
मीच म्हटलं.
जोडवी बोटांत रुतली, साबण लावून काढावी लागली.
सूज येतेच, असंही म्हणालं कुणीतरी.
बहुधा तेही मीच.

रात्री ती जाळ्यांच्या ढिगाला पाठ टेकून
बसल्या बसल्या झोपायची.
आडवी झाली की छातीत भरती चढते, म्हणे.
घरच्यांना वाटायचं, मूल रडतं म्हणून बसलीये.

एकशे तिसऱ्या दिवशी
मालवण. तिथून ओरोस.
तिथून, बांबोळीला न्या.
पत्रादेवीचा नाका दिसायला लागला तेव्हा
गाडीतल्या पोरानं नळी काढली
आणि ड्रायव्हरला म्हणाला, आता सावकाश घे.

कागदावर लिहिलं, हृदय बंद पडून.
खोटं नाही. सगळ्यांचं तसंच पडतं.
मातामृत्यूच्या तक्त्यात
आमच्या उपकेंद्रासमोर शून्य आहे.
जिल्ह्याच्या बैठकीत त्या शून्याला
टाळ्या पडल्या.
माझे हात पर्सच्या बंदात अडकले होते.

पोराचं वजन करायला जाते अजून.
झोळीत ठरत नाही, लाथा झाडतो.
पाच किलो चारशे.
कार्डावर आईचं नाव आहे,
त्यापुढे काही विचारलेलं नाही.
सासू वाटी-चमच्यानं पाजते, माझ्याकडे बघत नाही.

वही मिटल्यावरही जाते आता. त्याचा भत्ता नसतो.
परवा सुविधा मेथरकडे, सत्तरावा दिवस.
विचारलं, रात्री आडवी झोपतेस ना गे?
ती हसली,
आडवी नाय तर काय उभी निजतलंय?
मीही हसले.
मग तिच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला,
उचलला,
आणि खड्डा भरून येतो का
ते बघत बसले.