आकृती क्रमांक चौदा

शिवाजीनगर कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
एका बेडकाला लॅमिनेट करून आणलं होतं.
निशाणी बावीस.
बेडूक माझा. म्हणजे आतडी माझी,
बाकी तो त्याचा त्याचाच.

एकोणऐंशी साली काढला,
नारायण पेठेत, पोळपाट उलटा करून त्यावर.
काळी शाई, बारीक निब,
आकृतीमागे सात रुपये.
नावं द्यायच्या रेघा त्यातच धरलेल्या.
जठर, यकृत, पित्ताशय,
आणि लहान आतड्याच्या तिसऱ्या वळणाशी
बकुळ रांगत आली ती थेट कोपरावर.
एक वळण जास्तीचं पडलं,
एवढंसं, ब्लाउजच्या हुकासारखं.
ब्लेडनं खरवडायला हवं होतं.
पण दूध लागल्याचा वास आला
आणि सकाळी सातला निंबकरांचा माणूस
सायकलची घंटी वाजवत दारात.

ते वळण मग अप्पा बळवंत चौकातून निघालं,
गाइडच्या पिवळ्या कागदावर,
सटाण्याला गेलं, उमरग्याला, चंदगडला.
चाळीस वर्षं पोरं ते गिरवत होती
आणि परीक्षक
पाचपैकी चार देत होते.

पुढे बोथरांनी स्वतःचं गाइड काढलं, रंगीत.
बेडूक हिरवा झाला, यकृत तांबडं,
वळण तिथल्या तिथं.

घैसास वकील म्हणाले, महोदय,
असं आतडं निसर्गात कुठल्याही बेडकाला नाही.
चूक हाच आमचा पुरावा.
मी मान खाली घालून ऐकत होते.
म्हणजे जे जे बरोबर काढलं ते सगळ्या जगाचं,
चुकलं तेवढंच आपलं.
आणि तेही माझं नाही, निंबकरांचं;
सात रुपयांच्या पावतीवर माझी सही होती.

समोरच्या वकिलानं चष्मा पुसत विचारलं,
बाई, हे वळण तुम्हीच काढलंत?
म्हटलं, हात माझा होता.
विचारपूर्वक काढलंत?
शेवटच्या बाकावर बकुळ
रुमालाआड शेंगदाणे खात होती, केस पिकलेले,
तिला यातलं काही माहीत नव्हतं.
म्हटलं, त्या वेळी दूध उतू जात होतं.
टायपिस्ट थांबला. साहेबांकडे बघितलं.
साहेब म्हणाले, लिहा, आठवत नाही.

आणि जे कुणी विचारलंच नाही
ते मी सांगितलं नाही:
की माझ्याकडे एक जाड पुस्तक आलं होतं दोन दिवसांसाठी,
कुणा प्राध्यापकाचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं,
त्यात एक बेडूक उताणा पडलेला होता
आणि त्याच्यावर मी बटर पेपर ठेवला होता.
त्या चित्राखालीही कुणाचं नाव नव्हतं.
शोधलं होतं मी. खरंच शोधलं होतं.

तीन तारखा पडल्या.
चौथीला निंबकरांचा नातू आणि बोथरांचा जावई
कॅन्टीनमध्ये एकाच बशीतली भजी खाताना दिसले.
तडजोड पुरशीस, पान दीड.
मला रिक्षापुरता भत्ता मिळाला,
कोर्टापासून घरापर्यंत,
येतानाचा नाही.

परवा चौकात गेले होते, वह्या आणायला.
सहज गाइड उघडलं, उभ्या उभ्या, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं.
दोघांनीही वकिलांच्या सल्ल्यानं बेडूक सुधारून घेतलाय.
तिसऱ्या वळणाशी आतडं गुळगुळीत,
अगदी शास्त्रात सांगितल्यासारखं.
मी बोट फिरवून पाहिलं.
कोपर कुठे लागत नाही, दूध कुठे करपत नाही.

बाई, घेणार आहात का, दुकानदार म्हणाला,
की नुसतं बघताय?

म्हटलं, ओळख पटते का ते बघत होते.

मग दोन वह्या घेतल्या, शंभर पानी,
एकेरी.